मादी भेटल्यावर नर भांडतो की निवळतो?

१. तालमीत एक उत्तर, गोठ्यात दुसरं

सातारा-सांगलीकडच्या तालमींत लंगोटाचं पथ्य आजही गांभीर्याने सांगितलं जातं. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर कऱ्हाडजवळच आहे, कुंडलचं कुस्त्यांचं मैदानही याच पट्ट्यातलं. इथे पोरगं तालमीत घातलं की डावपेचांच्या आधी त्याच्या कानावर पडतं ते हेच: बाईचा संग झाला की अंगातली रग जाते. त्याच गावातल्या गोठ्यात मात्र उलटं ऐकायला मिळतं. वळू एकदा गायी फळवायला लागला की त्याला मस्ती येते, तो आवरत नाही, माणसाच्याही अंगावर येतो.

एकाच गावात दोन उत्तरं. मग नर मादीला भेटला की त्याची भांडणाची खुमखुमी वाढते की कमी होते?

माणसाच्या बाबतीत याचं उत्तर शोधणं अवघड आहे. शंभर पैलवान जन्मापासून सारख्या खोल्यांत वाढवून त्यातल्या पन्नासांचं लग्न लावता येत नाही. कीटकांच्या बाबतीत हे करता येतं. एकाच दिवशी कोशातून किंवा अंड्यातून बाहेर पडलेले, सारखं खाणं मिळालेले, सारख्या आकाराचे नर घ्यायचे, काहींना मादी भेटू द्यायची, काहींना नाही, आणि मग त्यांना समोरासमोर आणायचं. गेल्या काही दशकांत हे प्रयोग मोठ्या बारकाईने झाले आहेत. त्यांतून पैलवानांबद्दल काहीही सिद्ध होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण कीटकांवरून माणसाला नियम लावण्याची घाई फार जणांना होते. कीटकांचं उत्तर कीटकांपुरतंच आहे, आणि ते स्वतःच पुरेसं चकित करणारं आहे.

२. झुंज मोजायची कशी?

ज्वारी काढून झाल्यावर रानातलं एखादं मोठं ढेकूळ उलटं केलं की त्याखाली कधी कधी काळाकुळकुळीत, बोटाच्या पेराएवढा रातकिडा सापडतो. पंख जिथे अंगाला जोडलेले असतात तिथे दोन पिवळसर ठिपके. या ठिपक्यांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव ग्रिलस बायमॅक्युलेटस असं पडलं. मागच्या टोकाला लांब सरळ नळी दिसली तर ती मादी. त्या नळीने ती ओल्या मातीत अंडी घालते. नळी नसेल तर तो नर, आणि रात्री जे किर्रर्र ऐकू येतं ते त्याचंच. पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून तो हा आवाज काढतो.

असे दोन नर वाळू पसरलेल्या काचेच्या पसरट भांड्यात सोडले, की जे घडतं ते कुस्ती पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतं. आधी सलामी: दोघांच्या लांब मिशा एकमेकांना लागतात. मग खडाखडी: मिशांनी मिशांवर फटके बसू लागतात. त्यानंतर एक जण जबडे फाकतो, मग दुसराही फाकतो. जबड्यात जबडा अडकला की खरी पकड सुरू होते. दोघे पाय रोवून एकमेकांना ढकलतात, कधी एक जण दुसऱ्याला उचलून उलटा टाकतो. बहुतेक झुंजी काही सेकंदांत निकाली लागतात. हरणारा तोंड फिरवून पळतो, जिंकणारा त्याच्या मागे धावतो आणि पंख उभारून गाऊ लागतो. पाय तुटला, डोळा फुटला असं फार क्वचित होतं.

संशोधकांनी याच क्रमाला पायऱ्या लावल्या. मिशा लागताच एक जण मागे फिरला तर खालची पायरी, पकडीपर्यंत गेले तर वरची. असं केलं की ‘हा नर जास्त चिडखोर आहे’ हे नुसतं मत राहत नाही, त्याला आकडा मिळतो. किती पायऱ्या चढला, किती सेकंद टिकला, जिंकला की हरला, या तीन नोंदी प्रत्येक झुंजीच्या ठेवायच्या. पुढचं सगळं याच नोंदींवर उभं आहे.

३. हरलेल्याची रग

झुंज हरलेला रातकिडा पुढे काय करतो? तो भांडत नाही. दुसरा नर समोर आला, अगदी आधीच्यापेक्षा लहान असला, तरी मिशा लागताच बाजूला होतो. हा परिणाम काही तास, कधी कधी दिवसभरही टिकतो.

इथे एक बारकी गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. त्याच्या अंगात बळ उरलेलं नाही असं नाही. पाय धड आहेत, जबडे धड आहेत. गेलेली आहे ती भांडायला उभं राहण्याची तयारी, आणि ती मेंदूतली गोष्ट आहे. हे २००० साली जर्मनीतल्या हान्स होफमन आणि पॉल स्टीव्हन्सन यांनी फार सुंदर रीतीने दाखवलं. हरलेल्या रातकिड्याला त्यांनी थोडा वेळ हवेच्या झोतात उडवलं. उडून आलेला नर पुन्हा झुंजीला उभा राहिला.

चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी लावण्याची परंपरा जुनी आहे. सोंग राजवटीतला मंत्री जिया सिदाओ याने तेराव्या शतकात रातकिडे पाळण्याबद्दल एक ग्रंथच लिहिला. तिथले शौकीन हरलेल्या किड्याला तळहातावर हलवून हवेत उडवतात आणि मग पुन्हा मैदानात उतरवतात. आपल्या डोळ्यांनी पाहून त्यांनी जे ठरवलं होतं त्याला प्रयोगशाळेत दुजोरा मिळाला. पुढच्या संशोधनात त्यामागचं रसायनही हाती लागलं. त्याचं नाव ऑक्टोपामाइन. आपल्या अंगात घाबरल्यावर किंवा चवताळल्यावर जे अॅड्रेनलिन धावतं, त्याच घराण्यातलं हे कीटकांचं रसायन. उडताना ते वाढतं आणि हरलेल्याची तयारी परत येते.

या शौकिनांची आणखी एक रीत होती: झुंजीच्या आधी नराजवळ मादी सोडायची. त्यांच्या मते मादीचा सहवास मिळालेला नर अधिक त्वेषाने लढतो. म्हणजे आपल्या तालमीच्या नेमकं उलट.

१९६१ साली अमेरिकेचे रिचर्ड अलेक्झांडर यांनी रानातल्या रातकिड्यांच्या भांडणांवर एक मोठा अभ्यास छापला. नराचा वरचष्मा कशाकशाने वाढतो हे सांगताना त्यांनी नुकत्याच झालेल्या मीलनाचाही उल्लेख केला. त्यानंतर २००८ मध्ये कॅथलीन किलियन आणि जेनिफर अॅलन यांनी घरात राहणाऱ्या रातकिड्यांवर याची थेट परीक्षा घेतली. एकदा झुंज हरलेल्या नराचं मादीशी मीलन झालं, की पराभवाचा परिणाम पुसला जातो आणि त्याची आक्रमकता पुन्हा वर येते, असं त्यांना आढळलं.

असा प्रयोग रचताना काय काळजी घ्यावी लागते हे एका उदाहरणाने पाहू. समजा तुमच्याकडे तीस हरलेले नर आहेत. दहांना एकटं ठेवलं, दहांचं मादीशी मीलन होऊ दिलं, आणि तासाभराने सगळ्यांना नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर आणलं. मीलन झालेले जास्त भांडले. मग मीलनाने रग आली म्हणायची का? अजून नाही. कदाचित नुसत्या मादीच्या वासानेही तेच झालं असतं. म्हणून उरलेले दहा: त्यांना जाळीच्या पलीकडे मादी दाखवायची, वास येऊ द्यायचा, पण स्पर्श होऊ द्यायचा नाही. शिवाय प्रतिस्पर्धी तितक्याच वजनाचा हवा, नाहीतर मोठा लहानाला हरवतो एवढंच कळेल. आणि तो प्रतिस्पर्धी त्या दिवशी आधी कुणाकडून हरलेला नको, जिंकलेलाही नको. या विषयावरचं कुठलंही विधान वाचताना हा तिसरा, जाळीपलीकडचा गट होता का, एवढं विचारलं तरी अर्ध्या गैरसमजांतून सुटका होते.

४. मीलन झाल्यावर रातकिड्याकडे राखायला काय असतं?

रातकिड्याचं मीलन वेगळ्या तऱ्हेचं असतं. नर मादीच्या अंगावर चढत नाही, मादी नराच्या पाठीवर येते. नर तिला शुक्रजंतूंनी भरलेली एक छोटी पांढरट पिशवी चिकटवतो. ही पिशवी मादीच्या अंगाबाहेर लोंबत राहते आणि त्यातून शुक्रजंतू हळूहळू आत उतरतात. मीलन मिनिटभरात आटोपतं, पण पिशवी रिकामी व्हायला बराच वेळ लागतो. दरम्यान मादीने मान वळवून ती पिशवी काढून खाल्ली तर नराची मेहनत वाया गेली. दुसरा नर येऊन तिला घेऊन गेला तरीही वायाच.

म्हणून मीलनानंतर नर तिथेच थांबतो. मिशा मादीवर टेकवून उभा राहतो, ती हलली की तिच्या मागे सरकतो. दुसरा नर जवळ आला की अंगावर धावून जातो. त्याला स्वतःला नवी पिशवी तयार करायला ठिपकेवाल्या जातीत सुमारे तास लागतो, तोवर त्याला दुसरं मीलन शक्यच नसतं. म्हणजे या तासाभरात त्याच्यापुढे एकच काम असतं: जे दिलं आहे ते राखणं. मीलनाने त्याची रग का वाढावी, हे इथे उलगडतं. भांडण्याचं कारण मीलनाने संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतं.

इतकं वाचल्यावर सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण २०१० साली केविन जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रातकिड्यांवरच केलेल्या कामात वेगळं दिसलं: नुकतंच मीलन झालेले नर झुंज हरत होते. हे निकाल एकमेकांना खोडून काढतात असं मला वाटत नाही. एका प्रयोगात नर आधी हरलेला आहे, दुसऱ्यात तसा नाही. मादी शेजारी आहे की नाही, यानेही निकाल बदलू शकतो. मीलनानंतर दहा मिनिटांनी पाहिलं की दोन तासांनी, यानेही फरक पडतो. शिवाय भांडायची तयारी आणि भांडण जिंकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवी बनवण्यात खर्ची पडलेला नर हौसेने उभा राहील आणि तरी चीत होईल.

५. चिलटांचा उलटा न्याय

आता रानातून घरात येऊ. तासगाव-मिरज भागात द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असला की खराब मण्यांच्या ढिगावर चिलटांचे थवेच्या थवे दिसतात. घरात पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात तीच ही, ड्रोसोफिला कुळातली लाल डोळ्यांची माशी. आनुवंशिकीचा निम्मा इतिहास याच कुळातल्या माशीवर लिहिला गेला. ही माशी भांडखोर आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

१९१५ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुण अमेरिकी संशोधकाने नोंदवून ठेवलं, की एकाच मादीच्या मागे असलेले दोन नर कधी कधी पंख पसरून एकमेकांवर धावून जातात आणि डोक्याने धडका देतात. जवळून पाहिलं तर आणखीही दिसतं. फळाच्या ओल्या तुकड्यावर एक नर येरझाऱ्या घालतो. दुसरा आला की पंख उभे करून धमकावतो, पुढच्या पायांनी ढोसतो, आणि फारच झालं तर मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पायांनी त्याला खाली दाबतो. मादी तिथे असली तर हे भांडण आणखी वाढतं.

मग ज्या नराला आधीपासून मादीचा सहवास मिळालेला आहे त्याचं काय? २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिली जान आणि यू नंग जान या दाम्पत्याच्या प्रयोगशाळेतून क्वान युआन आणि सहकाऱ्यांचं उत्तर आलं. आधी माद्यांसोबत राहिलेले नर पुढे मादी समोर असतानाही फार कमी भांडले. रातकिड्याच्या उलट!

पुढचा प्रश्न त्यांनी नेमका तोच विचारला जो आपण जाळीच्या उदाहरणात विचारला: हे कशामुळे? उत्तर निघालं ते स्पर्शाच्या चवीचं. माशीच्या पायांवर चव घेणारे बारीक केस असतात. मादीच्या अंगावर मेणासारख्या पदार्थांचा पातळ थर असतो. नराचा पाय त्याला लागला की त्या केसांमधल्या पेशींना मादीची ओळख पटते. या पेशींमधला एक विशिष्ट दरवाजा निकामी केला, तर माद्यांमध्ये राहूनही नर निवळत नाही, पूर्वीसारखाच भांडतो. निवळण्यामागचं कारण मादीच्या अंगाला पाय लागणं हे होतं.

मेंदूत पुढे काय होतं तेही या कामातून उलगडलं. फक्त नरातच असणाऱ्या काही चेतापेशी ‘गाबा’ नावाचं रसायन सोडतात. हे रसायन पुढच्या पेशींना थोपवतं, त्यांना पेटू देत नाही. मादीच्या स्पर्शानंतर ही थोपवणारी यंत्रणा काम करते आणि भांडणाची प्रेरणा दबते. ही यंत्रणा बंद पाडली की मादीशी आधी भेट झालेला नरही भांडू लागतो. मुद्दाम चालू केली की ज्याला मादी कधी भेटली नाही तोही शांत बसतो.

इथे आपल्या शेतकऱ्याला ओळखीचं वाटेल असं काही आहे. ‘गाबा’ ज्या ग्राहकावर जाऊन बसतो त्याचं नाव आहे आरडीएल, आणि ते पडलं डिल्ड्रिन या जुन्या कीटकनाशकावरून: ज्या माश्या डिल्ड्रिनला दाद देत नव्हत्या त्यांच्यात हाच ग्राहक बदललेला होता. आज दुकानातून आणलेलं फिप्रोनिलही कीटकाच्या याच ग्राहकावर घाव घालतं. थोपवणारी यंत्रणाच बंद पडली की कीटकाच्या सगळ्या चेतापेशी बेफाम होतात, त्याला झटके येतात आणि तो मरतो. नराला निवळवणारी यंत्रणा आणि औषधाने बंद पडणारी यंत्रणा एकाच कळीवर चालतात, हे मला या संपूर्ण विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

याला जोडून आणखी दोन निष्कर्ष ठेवतो. २००७ मध्ये हर्मन डीरिक आणि राल्फ ग्रीनस्पॅन यांनी दाखवलं, की माशीच्या मेंदूतलं एनपीएफ नावाचं रसायन भांडण कमी करतं आणि सेरोटोनिन ते वाढवतं. २०१२ मध्ये गालित शोहात-ओफिर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की मीलन झालेल्या नरांत एनपीएफ जास्त असतं आणि माद्यांनी वारंवार झिडकारलेल्या नरांत कमी. झिडकारलेले नर मद्यार्क मिसळलेलं खाद्यही जास्त घेत होते. दोन्ही कामं वेगवेगळी आहेत, पण शेजारी ठेवली की चिलटांमध्ये मादी भेटलेला नर का निवळतो याची दुसरी वाट दिसू लागते.

६. मीलन ही एक गोष्ट नव्हे

‘मीलनाचा परिणाम’ असं आपण सहज म्हणतो, पण मीलनात किती गोष्टी एकत्र घडतात पाहा. नराला मादीचा वास येतो, चव लागते. त्याची ताकद खर्च होते, साठवलेले शुक्रजंतू जातात. आसपास माद्या आहेत ही खबर त्याला मिळते. त्याच्या मालकीचं काहीतरी आता दुसऱ्याच्या अंगावर आहे. आणि त्याच्या आयुष्यातली पुढची संधी एकने कमी झाली, किंवा उलट, अशा आणखी संधी येतील याचा पुरावा मिळाला. यातली एखादी गोष्ट रग वाढवते, एखादी कमी करते. कुठली भारी पडेल हे त्या जातीच्या जगण्याच्या तऱ्हेवर अवलंबून असतं.

मालकीचं महत्त्व एका वेगळ्या प्रयोगातूनही कळतं. रातकिड्याला थोडा वेळ बिळाचा ताबा मिळाला, तरी तो अधिक जोराने भांडतो. २०११ साली यान रिलिश आणि स्टीव्हन्सन यांच्या गटाला इथेही ऑक्टोपामाइनच सापडलं. मादीचा काही संबंध नाही, नुसतं बीळ. राखण्यासारखं काही हाती असणं हेच रातकिड्याला पुरेसं होतं.

७. उंबरातले नर, ठोसेघरचे नर

पुढची संधी या मुद्द्यासाठी औदुंबरला जायला हवं. कृष्णाकाठच्या या दत्तस्थानाला ज्या झाडाचं नाव मिळालं त्या उंबराचं पिकलेलं फळ फोडलं की आत बारीक किडे दिसतात. ते सडक्या फळातले किडे नव्हेत. ती उंबराची गांधीलमाशी. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. मात्र फळात तिच्यासोबत इतरही जातींच्या गांधीलमाश्या वाढतात. अंजीर-उंबराच्या घराण्यातल्या फळांत राहणाऱ्या काही जातींचे नर बिनपंखी असतात. ते त्याच फळात जन्मतात, तिथेच मीलन करतात आणि तिथेच मरतात. काहींचे जबडे इतके मोठे असतात की प्रतिस्पर्ध्याचं डोकं उडवतात.

२००१ साली स्टुअर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक जातींमधल्या नरांच्या जखमा मोजल्या. एकाच आईचे भाऊ एकमेकांना कमी मारत असतील असं वाटलं होतं, पण नात्याने फरक पडत नव्हता. फरक पडत होता पुढे किती माद्या मिळणार याने. समजा एका फळात तीन नर आणि साठ माद्या आहेत. एका मादीसाठी डोकं फुटण्याचा धोका पत्करणं मूर्खपणाचं, कारण शेजारी दुसरी आहे. दुसऱ्या फळात तीन नर आणि दोनच माद्या असतील, तर आज हरलेल्याला उद्याही काही नाही. तिथे जीव पणाला लावण्यात तोटा थोडाच. जातीजातींत दिसलं ते असंच: माद्या जिथे कमी, तिथे जखमा जास्त.

वयाचंही तसंच. आपल्याकडे पावसाळ्यात उडणारं चांदवा हे काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे डॅरेल केम्प यांनी त्याच्या नरांच्या हवेतल्या झुंजी पाहिल्या. वयस्कर नर अधिक चिवटपणे टिकत होते. तरुणाला जपून राहण्यात फायदा असतो, म्हाताऱ्याला नसतो.

सातारा शहराहून सज्जनगडापलीकडे गेलं की ठोसेघर येतं. धबधब्याला माणसं गर्दी करतात, पण ओढ्यातल्या दगडांवर बसलेल्या टाचण्यांकडे फार थोडे पाहतात. चतुरापेक्षा सडपातळ, बसताना बहुधा पंख मिटून घेणारा हा कीटक. २०२१ मध्ये कलेश सदाशिवन आणि साताऱ्याचे श्रीराम भाकरे यांनी इथल्या एका टाचणीला नवी जात म्हणून युफिया ठोसेघरेन्सिस हे नाव दिलं. या गटाचे नर वाहत्या पाण्याच्या मधल्या दगडावर किंवा काटकीवर ठाण मांडतात.

अशा टाचण्यांत मीलनानंतरची राखण का लागते, हे १९७९ साली जोनाथन वागे यांनी अमेरिकेतल्या एका काळ्या पंखांच्या टाचणीवर दाखवलं. नराचं जननांग फक्त शुक्रजंतू देत नाही. ते आधीच्या नराने ठेवलेले शुक्रजंतू आधी खरवडून काढतं, जवळजवळ सगळे. याचा अर्थ सरळ आहे: मादीने अंडी घालेपर्यंत दुसऱ्या नराने तिला गाठलं तर पहिल्याचं नाव पुसलं गेलं. म्हणून मीलन उरकलेला नर पाण्यात अंडी घालणाऱ्या मादीवर पहारा ठेवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावतो. कधी या झुंजी लांबतात, दोघे गोल गोल उडत राहतात. याच टाचणीवर जेम्स मार्डन आणि वागे यांनी १९९० मध्ये लढून थकलेल्या नरांच्या अंगातली चरबी मोजली. जिंकणाऱ्याच्या अंगात चरबी जास्त शिल्लक होती. दोघांच्या आकारावरून निकाल सांगता येत नव्हता.

म्हणजे तालमीतल्या समजुतीतला ‘बळ खर्च होतं’ हा भाग टाचणीला लागू आहे. पण ते बळ राखण करण्यात आणि झुंजण्यात जातं.

८. सातेरीच्या नराला हा प्रश्नच पडत नाही

महाबळेश्वरच्या मधपाळांकडच्या सातेरी मधमाशीचा नर या सगळ्यातून सुटलेला आहे. नर हवेत ठरावीक जागी जमतात, राणी तिथून उडत गेली की तिच्या मागे लागतात. एकमेकांशी झुंजत नाहीत. त्यांना नांगीही नसते. शर्यत फक्त वेगाची. ज्याला राणी मिळते त्याचं जननांग तिच्या अंगातच तुटून राहतं आणि तो खाली पडून मरतो. मीलनानंतर त्याला ना काही राखायचं असतं, ना पुढची संधी असते.

आंबा-पेरूच्या बागेतली फळमाशी पुन्हा वेगळी. संध्याकाळी उजेड मावळताना नर झाडाच्या पानांवर जमतात, एकेक नर एकेक पान धरतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला पानावरून हाकलतो. शेतकरी जे कामगंध सापळे लावतात, त्यांतल्या मिथाइल युजेनॉलला फक्त नर येतात. हा पदार्थ चाखलेल्या नराला माद्या जास्त पसंत करतात, असं हवाईतल्या टॉड शेली यांच्या प्रयोगांत दिसलं.

९. आणि मादी?

इतका वेळ भांडण म्हटलं की नरच डोळ्यांपुढे होता. चिलटांच्या माद्याही भांडतात, अन्नाच्या तुकड्यावरून, डोक्याने धडका देत. २०१७ साली ऑक्सफर्डच्या एलेनॉर बाथ आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे लक्ष वळवलं. मीलन झालेली मादी न झालेल्या मादीपेक्षा जास्त भांडते असं त्यांना आढळलं. ती अंडी घालायला लागली म्हणून तिला जास्त अन्न लागत असेल, असं पहिल्यांदा मनात येतं. म्हणून त्यांनी अंडी बनवू न शकणाऱ्या माद्याही तपासल्या, आणि मीलनानंतर त्याही जास्त भांडल्या. कारण मीलनातच होतं. मादीला शुक्रजंतू मिळाले नाहीत तर भांडण वाढत नव्हतं, आणि नराच्या द्रवातलं ‘सेक्स पेप्टाइड’ नावाचं एक लहानसं प्रथिन नसेल तर ही वाढ पूर्ण होत नव्हती. ज्या चिलटांत मादीच्या स्पर्शाने नर निवळतो, त्याच चिलटांत नराने दिलेल्या द्रवाने मादी चवताळते.